नानांचा सदरा आणि तुझा रविवार

पत्र : ताई, मी गुहागर तालुक्यातल्या एका गावात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. घरात आम्ही पाच माणसं. सासरे (आम्ही त्यांना नाना म्हणतो, निवृत्त मुख्याध्यापक), माझे यजमान, मी, सहावीतला मुलगा आणि दुसरीतली मुलगी. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. दर रविवारी दुपारची जेवणं आटोपली की मी इस्त्री घेऊन बसते, ती तीन तास उठत नाही. पूर्वी गावात परीट होते. त्यांची मुलं मुंबईला गेली आणि ते काम थांबलं. पुण्याची बहीण म्हणते, "आता घरी इस्त्री कोण करतं गं?" मागच्या महिन्यात एका रविवारी मी इस्त्री केलीच नाही. सोमवारी मुलं तशीच शाळेला निघाली, तेव्हा ओटीवरून नाना म्हणाले, "आमच्या घरातली पोरं अशी चुरगळलेली कधी शाळेत गेली नाहीत." ते वाक्य मनातून जात नाही. त्यात परवा घाईघाईत नानांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर पिवळा डाग पडला. सांगायचं धाडस झालं नाही, सदरा कपाटात मागे दडवून ठेवलाय. खरंच लोक आता घरी इस्त्री करत नाहीत का? की मीच आळशी झालेय?

उत्तर :

अगं, तुझं पत्र वाचून मी आधी हिशेब मांडला. रविवारचे तीन तास, वर्षाचे 52 रविवार, म्हणजे 156 तास. कामाचा दिवस आठ तासांचा धरला तर साडेएकोणीस दिवस. वर्षातले साडेएकोणीस दिवस तू पाच माणसांच्या कपड्यांवर इस्त्री फिरवतेस, आणि तेही सुट्टीच्या वारी. एवढं करणारी बाई मलाच विचारते की मी आळशी झालेय का, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

लोक घरी इस्त्री करतात का, तर करतात. पण सगळ्या कपड्यांना करत नाहीत. मी रत्नागिरीत राहते. आमच्या आळीत इस्त्री नाही असं घर नसेल, पण रोज तापते ती दोन-तीन घरांत. बाकीच्यांकडे शाळेचा गणवेश, कामावर जाणाऱ्याचा शर्ट आणि लग्नकार्याचे कपडे एवढ्यासाठीच ती कपाटावरून खाली उतरते. गणपतीत चाकरमानी आले की मात्र घराघरांतून तिच्यासाठी रांग लागते. गाऊन, घरातले टी-शर्ट, लेंगे, चादरी, अभ्रे यांना आता कुणी इस्त्री करत बसत नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करत असे. एका पावसाळ्यात ते सोडून दिलं, आणि घरात कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

तुझ्या बहिणीचंही खरं आहे, पण ते पुण्यापुरतं. तिच्या सोसायटीच्या फाटकाशी इस्त्रीवाल्याची टपरी असणार. सकाळी गाठोडं टाकायचं, संध्याकाळी घड्या घ्यायच्या. तिच्याही कपड्यांना इस्त्री होतेच, फक्त दुसऱ्याच्या हाताने. तुला इस्त्रीवाला गाठायचा तर शृंगारतळी नाहीतर गुहागर. आमच्याकडे नगाला दहा रुपये घेतात. पाच माणसांचे आठवड्याचे साठेक नग धरले तर 600 रुपये झाले, वर एसटीच्या खेपा वेगळ्या. दर आठवड्याला एवढा खर्च तुझ्या घराला पेलतो की नाही ते तूच ठरव, पण बहिणीच्या बोलण्याने खजील होऊ नकोस.

आता नानांचं ते वाक्य. त्यावर जरा थांबते, कारण तुझी खरी ठेच तिथे लागली आहे.

माझे वडील पोस्टात कारकून होते. त्यांच्याकडे कामावर घालायचे दोन पांढरे शर्ट. एक अंगावर, एक दोरीवर. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन ते पडवीत कोळशाची इस्त्री काढायचे. कोळसा कसला, नारळाच्या करवंट्या. त्या पेटवायच्या, धूर सरला आणि निखारे लालभडक झाले की चिमट्याने एकेक उचलून इस्त्रीच्या पोटात टाकायचे. झाकणाच्या खटक्यावर छोटा पितळी कोंबडा होता, तो खाली वळवला की झाकण पक्कं. मग दांडा धरून इस्त्री मागेपुढे झुलवायची. बाजूच्या भोकांतून वारा शिरला की आतले निखारे फुलायचे. आधी ती केळीच्या पानावरून फिरवायची. पान नुसतं चरचरलं तर ठीक, काळं पडलं तर थोडा वेळ थांबायचं. पानाने तळही गुळगुळीत व्हायचा. मग शर्टावर बोटांनी पाण्याचा शिपका, आधी कॉलर, मग बाह्यांच्या पट्ट्या, मग पाठ, आणि पुढच्या बाजू सगळ्यात शेवटी. एखादी ठिणगी, राखेचा कण उडालाच तर फुंकर मारून बाजूला. आई त्या वेळी आत चुलीपाशी असायची. तिने वडिलांच्या शर्टाला कधी इस्त्री केल्याचं मला आठवत नाही. त्यांचा शर्ट, त्यांचा हात.

हे अशासाठी सांगितलं की नानांच्या पिढीला इस्त्री म्हणजे काय होती ते मी जवळून पाहिलं आहे. घरात पैसा बेताचा, कपडे मोजके. पण मास्तर, पोस्टातला कारकून, तलाठी यांचा मान त्या परीटघडीत असायचा. दोनच सदरे असले तरी ते पांढरेशुभ्र आणि कडक. नाना चुरगळलेला गणवेश बघतात तेव्हा त्यांना तुझा आळस दिसत नसावा, मागे टाकलेली ती ओढगस्त दिसत असावी. त्यांचं बोलणं लागलं हे खरंच आहे. मुलांसमोर असं बोलायला नको होतं, हेही खरं. पण त्यामागे तुझ्याबद्दल राग असेल असं मला वाटत नाही.

मात्र नाना एक गोष्ट विसरले आहेत. त्यांच्या लहानपणीची ती परीटघडी घरातल्या बाईने केलेली नव्हती. ती गावच्या परटाने केलेली होती. बारा बलुतेदारांतला परीट, सुगीला धान्याचं बलुतं घेणारा. घराघरांतून गाठोडी उचलायची, नदीवर दगडावर कपडे आपटायचे, खळ-नीळ करायची, वाळवायचे, इस्त्री करून घड्या घरपोच द्यायच्या. त्यात त्याचं अख्खं कुटुंब राबायचं. त्यांची मुलं मुंबईला गेली, नोकऱ्यांना लागली, हे चांगलंच झालं. पण ते काम काही गावातून गेलं नाही. ते सरकत सरकत आधी तुझ्या सासूबाईंच्या अंगावर आलं असेल आणि आता तुझ्यावर आलं आहे. कुणी बसून ठरवलं नाही, कुणी तुला विचारलं नाही. मधल्या काळात माणशी कपडे दोनाचे वीस झाले. एका कुटुंबाचा अख्खा व्यवसाय नोकरी करणाऱ्या एका बाईच्या रविवारच्या दुपारीत कसा मावणार?

आणि ही इस्त्री काही आपल्या घराण्याचा कुळाचार नव्हे. शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला, चावी, पगार, बटाटा यांच्यासारखा. जी गोष्ट मागाहून घरात आली तिच्यात बदल करायला हरकत नसावी.

म्हणून माझं स्पष्ट मत: मोठ्या माणसाने आपल्या कपड्याची इस्त्री आपण करावी. तुझ्या यजमानांचे शर्ट त्यांनी करावेत. एका शर्टाला पाच मिनिटं लागतात, रात्रीच्या बातम्या ऐकता ऐकता होतो. पहिल्या आठवड्यात ते बाहीला दोन घड्या पाडतील. पाडू देत. तू उठून हातातून इस्त्री घेऊ नकोस, नाहीतर पुढचा शर्ट परत तुझ्याकडेच येईल. मुलगा सहावीत आहे, म्हणजे मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली रुमाल आणि हाफपँट यांपासून सुरुवात करू शकतो. मुलगीही मोठी होईल तेव्हा शिकेल, पण तिला आधी आणि त्याला नंतर असं मात्र होऊ देऊ नकोस. तुझ्याकडे तुझ्या साड्या आणि धाकटीचा गणवेश एवढंच राहू दे.

नानांशी बोलायला घाबरू नकोस. तक्रारीने सुरुवात करण्यापेक्षा त्यांना विचार, "नाना, गावात परीट होते तेव्हा आपल्याकडचे किती कपडे जायचे हो आठवड्याला?" ते सांगतील, मास्तर माणूस आहे, सविस्तर सांगतील. सगळं ऐकून घे. मग म्हण, "आता ते सगळं मी एकटी करते, रविवारचे तीन तास जातात, मला झेपत नाही." पुढे त्यांनाच गळ घाल की नातवाला इस्त्री तुम्ही शिकवा. आयुष्यभर मुलांना शिकवलेल्या माणसाला हे काम आवडेल. त्यांचा हात थरथरत असेल तर त्यांनी फक्त बाजूला बसून सांगावं, इस्त्री पोराने धरावी.

नाना पेपर वाचत असतील तर त्यांना आणखी एक आठवण करून दे. 2024 च्या मे महिन्यात वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, आपल्या लोकांना सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालून यायला सांगितलं होतं. मोहिमेचं नाव 'रिंकल्स अच्छे हैं'. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा याच परिषदेची. मूळ कल्पना मुंबई आयआयटीचे प्राध्यापक चेतन सिंग सोलंकी यांच्या एनर्जी स्वराज फाउंडेशनची होती. विजेची बचत आणि हवामानाची काळजी हा त्यामागचा विचार. एका जोडीच्या इस्त्रीमागे 100 ते 200 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असं तेव्हा सांगितलं गेलं. देशातले मोठमोठे शास्त्रज्ञ सोमवारी सुरकुतलेल्या शर्टात प्रयोगशाळेत गेले, तर तुझी पोरं एक सोमवार तशी शाळेत गेली यात कमीपणा काही नाही.

पण इस्त्री अजिबात सोडून दे असं मी म्हणणार नाही. तू कोकणात राहतेस. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात चार महिने इस्त्री हे वाळवण्याचं साधन असतं. झड लागली की पडवीतल्या दोऱ्यांवर कपडे तीन-तीन दिवस ओलसर राहतात, कुबट वास धरतात, काखेत आणि कमरेच्या पट्टीवर बुरशीचे काळे ठिपके पडतात. अशा वेळी गणवेश, आतले कपडे, तान्ह्या मुलांची दुपटी यांच्यावर गरम इस्त्री फिरवायलाच हवी. घरात कुणाला नायटा किंवा गजकर्ण असेल तर त्याच्या कपड्यांना तर नक्कीच. फक्त इस्त्री फिरवल्या फिरवल्या घडी घालून कपाटात ठेवू नकोस. कपड्यात वाफ अजून असते. दहा-पंधरा मिनिटं हँगरवर राहू दे. आणि पावसाळ्यात खळ नको. पेजेची खळ सदऱ्याला छान कडकपणा देते, पण दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते आणि कपाटातली कसर तिच्या वासावर येते. खळ दिवाळीनंतर.

ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून इस्त्री करू नकोस. पायात चप्पल, तीन पिनांचा प्लग, आणि अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घे. पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं आहे.

आता तुझे तीन तास कमी कुठे होतील ते सांगते. खरी बचत दोरीवर आहे. सुती धागा ओला झाला की त्यातले आतले बंध सुटतात, आणि वाळताना कापड ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत ते पुन्हा जुळतात. म्हणून पिळा तसाच ठेवून दोरीवर टाकलेला शर्ट वाळल्यावर सुरकुत्या घट्ट धरून बसतो, आणि म्हणूनच इस्त्रीच्या आधी आपण पाणी शिंपडतो. तो बंध पुन्हा सोडवायचा असतो. तेव्हा सुती कपडे करकचून पिळू नकोस. यंत्र असेल तर शेवटचं फिरवणं कमी ठेव, आणि थांबलं की लगेच कपडे बाहेर काढ. प्रत्येक कपडा दोन्ही खांदे धरून दोनदा जोरात झटक. शर्ट, सदरे, गणवेशाचे वरचे कपडे हँगरवरच वाळत घाल, कॉलर आणि बटणांची पट्टी ओली असतानाच हाताने ओढून सरळ कर. पँटी पायांकडून उलट्या टांग, त्यांच्या वजनानेच शिवणी सरळ होतात. साडी दोघांनी चार टोकं धरून ताणायची आणि घडी करूनच दोरीवर घालायची, हे तुला सांगायला नको. आणि वाळलेले कपडे काढले की खुर्चीवर ढीग न करता उभ्या उभ्या घड्या घालायच्या. एवढं केलंस की निम्म्या कपड्यांना इस्त्री लागणारच नाही, आणि उरलेल्यांना निम्मा वेळ लागेल. आमच्याकडे मुलांच्या पँटी रात्री गादीखाली जायच्या, तोही उपाय अजून चालतो.

राहिलेल्या इस्त्रीसाठी रविवारची वाट बघू नकोस. रविवारपर्यंत कपडे ढिगात दबून जास्तच चुरगळतात. आठवड्यातून तीनदा वीस-वीस मिनिटं, प्रत्येकाने आपापलं. आधी कमी तापमानाचे कपडे, मग जास्तीचे, म्हणजे इस्त्री गार होण्याची वाट बघावी लागत नाही. कपड्याच्या आतल्या पट्टीवर इस्त्रीचं चित्र असतं, त्यात टिंबं असतात. एक टिंब म्हणजे जास्तीत जास्त 110 अंश, नायलॉनसारख्या कपड्यांना. दोन टिंबं म्हणजे 150, रेशीम, लोकर, पॉलिस्टर. तीन म्हणजे 200, सुती आणि लिनन. गणवेश बहुधा टेरिकॉटचा असतो, तो दोन टिंबांवरच कर. जरीच्या साडीवर थेट इस्त्री नको, उलट बाजूने, वर पातळ सुती कापड घालून. शेवटी बटण बंद करायचं आणि उरलेल्या धगीवर रुमाल उरकायचे.

आता तो दडवलेला सदरा. नानांशी बोलायचं ठरवलंस तर आधी तो कपाटातून बाहेर काढ. पिवळा डाग म्हणजे वरचा धागा नुसता करपलाय, बहुतेक निघेल. डागावर लिंबाचा रस चोळ आणि ओला असतानाच सदरा उन्हात घाल. आता नवरात्र झालं, ऑक्टोबरचं कडक ऊन आहे, दोन दिवसांत फरक दिसेल. नाहीच निघाला तर औषधाच्या दुकानात 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. कापसाच्या बोळ्याने लाव, अर्ध्या तासाने साध्या पाण्याने धू. सदरा पांढरा आणि सुती आहे म्हणून हे सांगतेय, रंगीत कपड्यावर करू नकोस. नीट पाहिल्यावर डाग तपकिरी-काळा वाटला आणि बोटाने चोळल्यावर कापड कुरकुरीत लागलं, तर तिथला धागाच जळलाय, तो परत येत नाही. पण सदरा उन्हात घालशील तो मागच्या परसात नको. पुढच्या खळ्यातल्या दोरीवर घाल, नानांच्या ओटीसमोर. ते विचारतील, "हे पाठीवर काय झालं?" तेव्हा काय झालं ते सरळ सांग, आणि तिथूनच परटाच्या दिवसांचा विषय काढ.